आतून लिंपलेलं

१

गावात माझ्या शब्दाला किंमत नाही, माझ्या करंटाला आहे. मादन हिप्परग्यात पिठाची गिरणी माझी, आणि गिरणीला थ्री-फेजचं कनेक्शन आहे. ज्वारी घेऊन आलेली माणसं दळण होईपर्यंत बाकड्यावर बसतात, आणि बसलेल्या माणसाला मी रिकाम्या कानानं घरी जाऊ देत नाही. निंबर्ग्याच्या विहिरीत पडलेली म्हैस महिन्यानं सोलापूरच्या तळ्यात निघाली, हे मीच सांगितलं. वाटेत पोहता पोहता ती व्याली, हे दुसऱ्या दिवशी वाढवलं. लोक हसतात, पिठाचा डबा उचलतात आणि जातात. पुरावा कुणी मागत नाही.

ही हकिकत मात्र मी बाकड्यावर सांगत नाही. तिच्यात वाढवायला जागाच नाही. उलट दोन-तीन ठिकाणी मी कमी केलं आहे.

माझी थोरली बहीण पंचशीला गुलबर्ग्याला शिक्षिका आहे. तिची एकुलती एक मुलगी मैत्रेयी. ही पोरगी बडोद्याला चिनी मातीचं काम शिकली, मग फरश्यांच्या कारखान्यात नक्ष्या काढायच्या नोकरीला लागली, आणि एक दिवस ती सोडून आली. "लोकांच्या बाथरूमला किती वर्षं फुलं लावू, मामा?" म्हणाली. तिला स्वतःचं काम करायचं होतं. त्याला विजेची मोठी भट्टी लागते, भट्टीला थ्री-फेज लागतो, आणि अक्काच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ते जमणारं नव्हतं. माझ्या गिरणीमागं तुरीची पोती ठेवायची पत्र्याची शेड होती. तुरी हलल्या, भट्टी आली.

अक्का स्वतः सोडायला आली होती. माझ्या बायकोनं, सुमननं, चहा पुढं केला तर तो हातातच धरून म्हणाली, "संघपाल, पोरगी तुझ्या हवाली करायलेय."

"काळजी करू नको, अक्का."

"तू काळजी करू नको म्हनलास की मला जास्तच घोर लागतो. जशी द्यायलेय तशी परत दे. दुसरं काई मागत न्हाई."

गावाबाहेर निंबर्ग्याच्या वाटेला बसलिंगप्पाचं शेत आहे, आणि शेताच्या कडेनं नाला. नाल्याच्या काठावर काळे, गोल धोंडे ओळीनं बसले आहेत, पंगतीला बसल्यासारखे. काही मेंढराएवढे, काही बसलेल्या म्हशीएवढे. हे धोंडे कांद्यासारखे सोलतात. वरची साल सुटते, गळून पडते, आणि आत पुन्हा तसाच गोल धोंडा असतो, जरा लहान. तिथं शेंदूर नाही, नवस नाही. बसलिंगप्पाची बायको त्यांच्यावर उन्हाळ्यात पापड वाळवते. त्या धोंड्यांना कुणी भ्यालेलं मी ऐकलं नाही. तसं काही असतं तर ते मीच पसरवलं असतं.

मैत्रेयीला हे धोंडेच हवे होते. सकाळी ती मातीच्या जाड भाकऱ्या लाटायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून स्कुटीवरून नाल्याला न्यायची. धोंड्यावर ओलं फडकं टाकायची, फडक्यावर भाकरी, आणि तळहातानं दाबत बसायची. माती जरा ताठली की अलगद उचलायची. धोंड्याची प्रत्येक साल, प्रत्येक चीर त्या मातीवर उमटलेली असायची. असे दोन अर्धे पातळ चिखलानं जोडले की झाला धोंडा. आतून पोकळ. शेवटी ती बुडाशी दाभणानं एक भोक पाडायची.

"हे कशाला?"

"बंद पोटात हवा कोंडली की भट्टीत फुटतंय, मामा. शेजारच्यालाबी घेऊन जातंय. आतल्या हवेला वाट पायजे."

"माणसाचंबी तसंच हाय. म्हनून तर मी बोलत ऱ्हातो."

ती हसली. मग जोडाच्या रेषेवरून बोट फिरवत म्हणाली, "ही रेघ बघा. कितीबी लिंपा, भाजल्यावर दिसतीच. धोंड्याला सांधा नसतो. मला तसं पायजे."

बंगळुरूला एक प्रदर्शन ठरलं होतं. लहान धोंडे तयार होत होते, पण तिथल्या लोकांना मधोमध ठेवायला एक मोठा हवा होता. माणूस उकिडवा बसून आत मावेल एवढा, आणि पूर्ण बंद. प्रदर्शन झालं की पोरगी जशी आली तशी अक्काकडं परत जायची, असा हिशेब होता.

२

"मामा, ही भोकं तुमी बुजवलीत का?"

मी गिरणीचा पट्टा चढवत होतो. पोरगी दारात उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. आदल्या दिवशी जोडून ठेवलेले तिन्ही धोंडे तिनं उलटे करून दाखवले. बुडाला भोकं नव्हती. भोकाच्या जागी नुसती खळी होती, लहान मुलाच्या गालाला पडते तेवढी.

गावात कुणाची सायकल झाडावर लटकली तरी माझ्याकडं बोट जातं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. यावेळी बरोबर नव्हतं. शपथ घेतली, तिनं मानली नाही. सुमनची घेतली, तेव्हा मानली.

"मग कुंभारीण असंल," मी म्हणालो. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. कुलपाचं भोक दिसलं तरी चिखल आणून लिंपते. आमच्या मीटरच्या पेटीत तिनं दरसाल संसार थाटलेला असतो.

मैत्रेयीनं भोकाच्या जागी नख लावून पाहिलं. "कुंभारीण बाहेरनं लिंपती, मामा."

"मग?"

 तारेनं तिनं एक धोंडा मधोमध कापला, पाव कापावा तसा. अर्धा माझ्या हातात दिला. आतली बाजू खरखरीत असायला हवी होती, फडक्याच्या विणीचे ठसे असायला हवे होते. बाकी सगळीकडं ते होते. भोकाच्या जागी मात्र रुपयाएवढा भाग गुळगुळीत होता. माती आजूबाजूनं ओढून आणलेली, आणि वरून एकदाच, गोल, अंगठा फिरवलेला.

"ओली माती हाय," मैत्रेयी म्हणाली. "आपल्याच भारानं खाली बसती. मिटत असंल."

"मिटत असंल," मीही म्हणालो. तेव्हा मला ते पटलंही होतं. शिकलेलं माणूस सांगतंय म्हटल्यावर मी लगेच मानतो, डोक्याला ताप कमी होतो.

तिनं भोकं पुन्हा पाडली, जरा मोठी. दुपारी जेवून आलो तर मिटलेली होती.

३

यावर उपाय मीच सुचवला. भोकात ज्वारीचं चिपाड घालून ठेव म्हटलं. माती बसली तरी चिपाडाला चिकटून बसेल, मिटायची नाही. मैत्रेयीला पटलं. तिनं बोटाएवढं लांब चिपाड कापलं, निम्मं आत, निम्मं बाहेर राहील असं घातलं आणि शेडला कडी लावून आम्ही दोघं नाल्याला गेलो.

बसलिंगप्पा बांधावर बसला होता. हा माझा शाळेपासूनचा दोस्त. शाळा कानडी होती, मैत्री मराठीत झाली.

"एनप्पा, काय रे संघपाल," तो म्हणाला, "माझे धोंडे न्यायलाव, भाडं कवा देणार?"

"धोंडे हाईत तिथंच हाईत की. आमी नुसतं माप घ्यायलोय."

"माप? मग शिंप्याला बोलव. यंदा धोंड्यांना सदरा शिवू."

मैत्रेयी मनापासून हसली. त्या दिवशी ती शेवटची तशी हसली, असं म्हणालो असतो तर हकिकत रंगली असती. पण तसं नाही, नंतरही ती हसायची.

परत आलो. चिपाड बाहेर दिसत नव्हतं. जमिनीवर पडलं असेल म्हणून मी खाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मैत्रेयीनं धोंडा उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी हललं, कोरडं, हलकं.

तिनं तार घेतली.

आत चिपाड होतं. सोललेलं. आम्ही लहानपणी ज्वारीची ताटं सोलून त्यांच्या बैलगाड्या करायचो. वरची साल एका बाजूला, आतला मऊ गाभा एका बाजूला. हे त्याहून सफाईनं केलं होतं. सालीचे केसासारखे बारीक पापुद्रे काढून एकाशेजारी एक मांडले होते. शेवटी गाभा, तोही पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटा केलेला. बघत होतं कुणीतरी, आत अजून काय आहे ते.

मी आधी उंदीर म्हणालो, मग वाळवी. वाळवी असं मांडत नाही, हे मला बोलतानाच कळत होतं. मैत्रेयीनं ते पापुद्रे गोळा केले आणि फुंकर मारून उडवून दिले.

"लहान धोंड्यांना मी तोंड उघडंच ठेवती," ती म्हणाली. "वाडगे करती त्यांचे."

"आणि मोठा?"

"मोठा बंदच पायजे. बंद म्हनून सांगितलंय त्यांनी." तार पुसून ठेवत ती म्हणाली, "मामा, तुमी बघितलंत का? आतल्या बाजूला सांध्याची रेघच नव्हती."

४

मोठा धोंडा तिनं ओळीतल्या सगळ्यात थोरल्या दगडावरून घेतला. तुकड्या-तुकड्यांनी उचलला आणि भट्टीच्या गाडीवरच उभा केला. ही गाडी रुळावरून ढकलली की सरळ भट्टीत जाते. खालचा अर्धा भाग गाडीवर, आणि वरचा अर्धा शेजारी जमिनीवर पालथा, ओल्या गोणपाटाखाली. तो उचलायला चार माणसं लागणार होती. बसलिंगप्पाला संध्याकाळी दोन गडी घेऊन यायला सांगितलं होतं.

दुपारी मैत्रेयी तालुक्याला, आळंदला, प्लॅस्टिकचा कागद आणायला गेली. मी गिरणी बंद केली. दगडी चाकं थांबली की कानात काही वेळ एक पोकळी राहते. त्या पोकळीत मला घासल्याचा आवाज आला.

ओल्या मातीवरून लाकडाची चकती फिरवतात, तसा. मैत्रेयी तासन्‌तास ते करायची, त्यामुळं आवाज ओळखीचा होता. मला वाटलं, पोरगी गेलीच नाही. शेडमध्ये गेलो. पत्रे तापून टणटणत होते. गाडीवर धोंडा पूर्ण उभा होता. वरचा अर्धा खालच्यावर बसलेला, आणि गोणपाट घडी घालून बाजूला ठेवलेलं.

आवाज आतून येत होता.

"अगं बया, कोंडून घेतलीस का स्वतःला?" मी म्हणालो. "कुणी ठेवलं हे वर? बसलिंगप्पा येऊन गेला व्हय?"

घासणं थांबलं.

"गुदमरशील की. थांब, माणसं बोलावतो."

आतून टकटक झाली. दोनदा, शांतपणानं. नको, राहू द्या, असं कुणी हातानं सांगावं तसं. मग घासणं पुन्हा सुरू झालं.

मला राग आला होता, खरं सांगायचं तर. एवढी शिकलेली पोरगी आणि असला आचरटपणा. मी मातीवर थाप मारायला हात उचलला, आणि बाहेर स्कुटी थांबली.

मैत्रेयी प्लॅस्टिकची गुंडाळी खांद्यावर टाकून दारात आली. "कुणासंगं बोलायलात, मामा?"

 मी नुसतं बोट दाखवलं. ती जवळ आली. आवाज तिलाही ऐकू येत होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण ती दचकली नाही. तिनं आधी सांधा बघितला. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा जिथं मिळतो तिथं बोट ठेवलं आणि हळूहळू पूर्ण फेरी मारली.

"रेघ न्हाई," ती म्हणाली.

५

संध्याकाळी बसलिंगप्पा दोन गड्यांसह आला, बघून म्हणाला, "माणसं मिळाली वाटतं," आणि चहा पिऊन गेला.  खरं सांगितलं असतं तर त्यानं पुढच्या बाजारी सगळ्या आळंदात ते माझ्या नावावर खपवलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मैत्रेयीनं दाभण घेतलं. भट्टीत घालायचं तर भोक हवंच. दाभण अर्धं आत गेलं आणि थांबलं. मग तिनं जोर न लावताच पुढं सरकलं. तिनं मूठ सैल केली आणि दाभण आत गेलं, मुठीसकट. कुणी आपल्या हातातली वस्तू सभ्यपणे काढून घेतं, तसं. पडल्याचा आवाज आला नाही.

राहिलं ते अंगठा जाईल एवढं भोक.

मी वाकलो. डोळा लावला. डोळ्याशेजारी चिकटवून तिनं मोबाईलचा उजेड धरला, थोडा आत शिरत होता. मला वाटलं होतं अंधार दिसेल आणि पलीकडची भिंत. पण भिंत बोटभर अंतरावरच होती. ओली, नुकतीच लिंपलेली. धोंड्याच्या आत आणखी एक धोंडा. त्याला, मी डोळा लावलेल्या भोकाच्या अगदी समोर, भोक होतं. त्या भोकातून आणखी एक भिंत, तिला भोक. त्याच्या आत आणखी. सालीच्या आत साल, आणि सगळी भोकं एका रेषेत. एवढी माती शेडमध्ये नव्हतीच.

सगळ्यात आतलं भोक फार लहान होतं. मी बघत असतानाच ते मिटलं. आतून एक अंगठा आला आणि गोल फिरला. घाई नव्हती. कुणी बाहेरून वाकून बघतंय म्हणून आपण खिडकी लोटून घेतो, तेवढंच. मग त्याच्या अलीकडचं मिटलं. मग त्याच्या अलीकडचं.

मी माझ्या डोळ्यासमोरचं मिटायच्या आत मागं सरलो.

"काय दिसलं?" मैत्रेयीनं विचारलं.

"काई न्हाई. अंधार हाय."

६

"फोडू या," मी म्हणालो. "नाल्यात नेऊन टाकू. बंगळुरूवाल्यांना सांग, तडा गेला."

"मी भाजणार हाय, मामा."

"भोक उरलं न्हाई त्याला. भट्टी उडंल. बाकीचंबी सगळं जाईल, तूच म्हनलीस."

"जाऊ द्या."

"मैत्रेयी, आत कुणीतरी हाय गं."

"म्हाईत हाय मला." ती गाडीची चाकं पुसत होती, वर न बघता. "म्हनून तर सांधा असा आलाय."

दुपारी तिनं गाडी आत ढकलली, दार बंद करून खिट्टी मारली आणि भट्टी चालू केली. काटा हळूहळू चढू लागला. ओली माती आधी घाम टाकते, झरोक्यातून वाफ निघते, म्हणून सुरवातीला ताव मंद ठेवतात. वाफ आली नाही. आत घासणं चालू होतं. ताव चढला तसं ते जलद झालं. आधी एका हातानं, मग वाटलं दोन्ही हातांनी, मग किती हातांनी ते कळेना. मैत्रेयी स्टुलावर बसून काट्याकडं बघत होती. तिचा उजवा अंगठा मांडीवर गोल गोल फिरत होता, आणि हे तिला ठाऊक नव्हतं.

ते बघितलं आणि मी गिरणीत गेलो. मेन स्विच तिथं आहे. खाली ओढला.

"करंट गेलं," मी परत येऊन म्हणालो. आमच्याकडं हे खोटं सगळ्यात स्वस्त आहे, रोज आठ-दहा वेळा ते खरंच असतं.

मैत्रेयीनं मान तिरकी केली. रस्त्यापलीकडं सुताराचं कटर चालू होतं. फळी पुरती कापून होईपर्यंत ती ते ऐकत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "तुमाला खोटं बोलता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. एवढा ताव घेतलेली भट्टी कोमट असायला हवी होती. आतून विहिरीसारखा गारवा आला. धोंडा होता तसाच होता, ओला, काळसर, आणि आतला आवाज बंद. मैत्रेयीनं त्याच्यावर तळहात ठेवला. आजारी जनावरावर ठेवतात तसा मुळीच नाही. दार वाजवण्याआधी माणूस थांबतं, तसा.

"भाजायची गरजच न्हाई याला," ती म्हणाली.

तिनं बंगळुरूला फोन करून जमत नाही म्हणून सांगितलं. अक्काचा मला फोन आला.

"सगळं सोडून दिली म्हनं? काय करून ठेवलास तू?"

"करंट घालवलो, अक्का."

"कामून?"

यावर माझ्याकडं खरं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. "तिला येऊन घेऊन जा," एवढं म्हणालो. अक्का म्हणाली, शाळेच्या परीक्षा चालू आहेत, आठवड्यानं येते.

७

बसलिंगप्पाच्या ट्रॅक्टरवरून धोंडा नाल्यावर गेला. मैत्रेयीनंच न्यायला लावला. थोरल्या दगडाशेजारी जागा होती तिथं तो बसला, आणि दोन दिवसांत त्यावर धूळ बसून ओळीतला झाला. बसलिंगप्पाच्या बायकोनं त्याच्यावर पापडही घातले. कच्च्या मातीवर ओले पापड. माती भिजली नाही.

मैत्रेयी रोज जायची. उरलेली सगळी माती तिनं थोडी-थोडी करून तिकडं नेली. मी शेतात काही काम काढून मागं मागं राहायचो. ती धोंड्यांमध्ये बसलेली असायची, एकाला पाठ टेकून.

"कसलं कोडं सोडवायलीस, बाई?"

"आतनं कसं लिंपायचं ते."

"मग शिकवलं न्हाई व्हय तुला आतल्यानं?"

"बाहेर बसून कळत न्हाई, मामा," ती म्हणाली. अगदी सहज. पोहणं काठावर शिकता येत नाही, असं कुणी म्हणावं तसं.

त्या दिवसापासून मी तिला एकटी सोडली नाही. अक्का यायला दोनच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दळणाला लग्नघरचा गहू आला आणि मी थोडा वेळ चाकाशी अडकलो, इतकंच. ती जेवायला आली नाही म्हणून सुमननं डबा बांधून दिला आणि मी नाल्याला गेलो.

स्कुटी बांधावर होती. चपला एकाशेजारी एक काढलेल्या, तोंडं धोंड्यांकडं. बादलीत पाणी, त्यात तिचा मोबाईल. गोणपाटं घडी घालून ठेवलेली. माती कुठंच नव्हती.

मी हाका मारल्या. मग तिचा मातीचा धोंडा शोधला, आणि तो मला ओळखता आला नाही. सगळे सारखे. सगळ्यांच्या साली सुटलेल्या, सगळ्यांवर धूळ, सांधा कुणालाच नाही. बसलिंगप्पाच्या शेतातल्या कोठीवरून घण आणला आणि ओळीनं सगळ्यांवर घातला. सगळे दगडासारखे वाजले. सगळ्यांच्या टवक्याखाली दगड निघाला.

आवाज ऐकून बसलिंगप्पा आला. मी त्याला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. तो कमरेवर हात ठेवून ऐकत होता आणि मध्येच त्याच्या मिशीचं टोक हललं.

"ही मात्र चांगली हाय," तो म्हणाला. "म्हशीपेक्षाबी. पोरगी रुसून बंगळुरूला गेली असंल. चल, जेवून घे तू."

तो गेला. ऊन डोक्यावर होतं. जेसीबी बोलावता आला असता. पण जेसीबीचं फावडं आत कोण आहे ते विचारत नाही. मला एकच धोंडा हवा होता, आणि कुठला ते तिच्याकडून कळायला हवं होतं. माझ्याकडं बोलण्याशिवाय दुसरी विद्या नाही. मी घण मांडीवर घेऊन मधोमध बसलो आणि सांगू लागलो.

"मैत्रेयी, तुला आपल्या कोंबड्याचं सांगितलो का? आळंदच्या बाजारातनं आणलेला? मोठा देखणा. पण निघाला कानडी. पहाटं कानडीत आरवायचा. आपली गल्ली मराठी, कुणाला जागच येईना. पोरांची शाळा बुडायली, पोस्टमनची नोकरी जायची पाळी. मग मी म्हनलो, याला बिदरला ठेवू शिकायला, चार घरचं पाणी पिऊन सुधारंल. ठेवला. सहा महिन्यांनी आणायला गेलो तर काय? पहाटं कुंपणावर चढला, मान ताठ केला, आणि दखनीत म्हनतो कसा, 'उठो जी, कित्ता सोते!'"

इथं बाकड्यावर लोक हसतात. मी थांबलो.

हसू आलं. मैत्रेयीचं, दाबलेलं, नाकातून सुरू होणारं. डाव्या हाताच्या दुसऱ्या धोंड्यातून. मी घण उचलून उठलो.

तेच हसू उजवीकडच्या धोंड्यातून आलं. मग माझ्या मागच्या. मग ओळीनं पुढं पुढं, नाल्याच्या वळणापर्यंत, एकामागून एक, सगळं तिच्याच आवाजातलं, आणि शेवटचे काही जरा उशिरा, विनोद उशिरा कळल्यासारखे.

मग सगळे थांबले. वाट बघायला लागले. माझ्या लक्षात आलं, मी सांगत होतो तेवढा वेळ कुठंच घासण्याचा आवाज नव्हता. आता तो सुरू होत होता, बारीक, कुठल्या तरी एका धोंड्यातून, फार आतून.

मी घण खाली ठेवला. "पण हितं संपत न्हाई ते," म्हणालो. घासणं थांबलं.

अक्का येऊन गेली. पोलिसांत दिलं, नाला उपसला, बंगळुरूला माणूस जाऊन आला. अक्का माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तिचं चुकत नाही. मी दुपारी गिरणी बंद करतो आणि नाल्यावर जातो. आम्ही कोंबड्याला बिदरहून औरादला नेलं, तिथं तो तेलुगू शिकला. आता त्याला समुद्र दाखवायला न्यायचं चाललंय. वाटेत बरीच गावं आहेत. गोष्ट मी अजून संपवलेली नाही.